तिसऱ्या पायरीचं काम

(लाकडी जिने बनवणाऱ्या कारखान्याच्या वरचं ऑफिस. दुपार. एका संगणकासमोर दोन खुर्च्या.)

वहिनी : आधी हात पुसा. मागे तुमचा भुसा कीबोर्डात गेला तर आठवडाभर अर्धी अक्षरं रुसून बसली होती. आणि असे दारात उभे राहू नका, बसा.

धाकटा : वहिनी, खाली पॉलिश ओलं आहे.

वहिनी : मग वाळू दे की. तुम्ही काय फुंकर घालणार आहात त्याला? दहा मिनिटांचं काम आहे. शुक्रवारी हे जुनं सॉफ्टवेअर बंद होतंय. कंपनीचं पत्र आलं, इतकी वर्षं आमच्यावर विश्वास ठेवलात, आभारी आहोत, आणि खाली तारीख. संपलं.

धाकटा : दादा कुठे आहे?

वहिनी : मापं घ्यायला गेलेत. चारपर्यंत येत नाहीत. म्हणून तर तुम्हाला आत्ता बोलावलं, नाहीतर तुम्ही कुठले वर यायला. तर ऐका. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त चालू कामं जाणार. कामाचं नाव, कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत करायचंय, एवढंच. तुमच्या नावावर सोळा कामं आहेत. एकेकाला ‘ने’ म्हणा नाहीतर ‘बंद कर’ म्हणा.

धाकटा : आणि प्रत्येक कामाखालच्या टिपा?

वहिनी : त्या जात नाहीत.

धाकटा : एकही नाही?

वहिनी : नाही हो. फोन करून विचारलं मी. तो मदतवाला मला म्हणतो, मॅडम, जुनं ओझं कशाला नेता. म्हटलं, अरे बाबा, आमच्याकडे दोन सख्खे भाऊ नऊ वर्षं त्या टिपांमधूनच बोलतायत. एक वर, एक खाली, मध्ये चौदा पायऱ्या.

धाकटा : परक्या माणसाला कशाला सांगायचं ते?

वहिनी : का, लाज वाटते? बरं आहे, कोणाला तरी वाटू दे. बँकेचा जिना, नेऊ?

धाकटा : ने.

वहिनी : ग्रंथालयाचा कठडा?

धाकटा : तो मार्चमध्येच झाला. बंद करा.

वहिनी : झाला की लगेच बंद करायचं, कितीदा सांगितलं. बरं, हे बघा काय सापडलं मला सकाळी. झालेल्या कामांत होतं. डॉक्टरीणबाईंचा गोल जिना.

धाकटा : उलटा वळलेला.

वहिनी : तोच. हे यांनी लिहिलंय. ‘जिना उलटा वळला आहे. बाई म्हणतात, चढताना कठडा उजव्या हाताला हवा होता. आपण नकाशा खालून वाचला.’ त्याखाली तुम्ही, ‘आपण नाही, तू.’ मग हे, ‘बरं, मी. पण कापला कोणी?’ मग तुम्ही, ‘बाईंना डावखुरं होता येईल का, विचारून बघ.’

धाकटा : त्याने खरंच विचारलं होतं बाईंना.

वहिनी : काय सांगता.

धाकटा : हो तर. मी समोर होतो. बाईंनी चष्मा काढून बघितलं त्याच्याकडे. आम्ही जिना परत उतरवून आणला तेव्हा टेम्पोत मागे बसून नुसते हसत होतो. दोन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं आणि आम्ही हसत होतो.

वहिनी : इथे येऊनही याच जमिनीवर बसून हसत होतात. मी दार उघडलं, दोघांचे डोळे ओले. मला वाटलं, कोणी गेलं की काय.

धाकटा : तेव्हा हे सॉफ्टवेअर नवीनच घेतलं होतं. त्याआधी तो काळा फळा होता, त्या खिडकीपाशी.

वहिनी : आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आरडाओरडा. ‘फळी आली का रे?’ ‘आली!’ ‘किती?’ गिऱ्हाईक आलं तरी थांबायचा नाहीत.

धाकटा : दादाला टाइप करता यायचं नाही. एका बोटाने करायचा. ‘ळ’ सापडायचा नाही म्हणून फळीला लाकूड म्हणायचा. मी खालून ओरडायचो, कुठलं लाकूड? तर म्हणायचा, ओरडू नकोस, लिही. आता सगळं लिहायचं.

वहिनी : तेव्हा गंमत होती ती. पुढे तेवढंच उरलं.

धाकटा : पुढचं काम कोणतं?

वहिनी : पुढचं हे. ‘घरचा जिना, तिसरी पायरी.’

धाकटा : बंद करा.

वहिनी : असं कसं? काम झालेलं नाही.

धाकटा : नाही ना झालं. नऊ वर्षांत झालं नाही ते आता काय होणार. बंद करा, वहिनी. रोज सकाळी पान उघडलं की सगळ्यात वर तेच दिसतं. विसरू नये म्हणून ठेवलंय त्याने. आईला मी पाडलं, हे मला रोज दिसायला हवं ना.

वहिनी : तुम्ही पाडलंत?

धाकटा : जुनी पायरी मी उचकटली होती. नवी फळी नुसती ठेवली होती, स्क्रू मारले नव्हते. आई त्यावर पाय ठेवून घसरली. हात मोडला. यात आणखी काय सांगायचं?

वहिनी : ही सांगायची. त्या दिवशीची टीप, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची. हे लिहितात, ‘घरची पायरी राहू दे तशीच. आधी शाळेच्या कामावर जा, तिथे माणसं खोळंबलीत. घरचं संध्याकाळी बघू.’ मला हे आज कळतंय, भाऊजी. तुम्ही स्क्रू मारतच होतात. यांनी तुम्हाला उठवलं.

धाकटा : आहे ना ती टीप अजून तिथे.

वहिनी : दवाखान्यात सगळ्यांसमोर हे तुम्हाला म्हणाले, तुझ्या हातचं काम परत माझ्या घरात नको. मी तिथे होते. तुमच्या खिशात फोन होता, त्यात ही टीप होती. दाखवली का नाहीत?

धाकटा : कोणाला दाखवू? त्यानेच लिहिली होती. त्याला माहीत नव्हतं का?

वहिनी : म्हणजे नऊ वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत आणि घरी पाऊलही ठेवलं नाहीत.

धाकटा : आई आत ओरडत होती, वहिनी. दादा डॉक्टरांच्या मागे धावत होता. त्याला तेव्हा हे दाखवलं असतं तर तो उभा राहिला नसता. आणि मग दिवस गेले. नंतर काढणं बरं नाही वाटलं.

वहिनी : मी उतरवून घेते ही टीप. शुक्रवारनंतर कुठेच मिळायची नाही.

धाकटा : नको. जातेय ते बरंच आहे.

वहिनी : कमाल आहे तुम्हा दोघांची. परवा सासूबाईंना भेटायला तुमच्या ताईंकडे गेले होते, काय म्हणाल्या माहिती आहे? माझा हात दीड महिन्यात जुळला, या दोघांचं नऊ वर्षांत जुळेना.

धाकटा : मलाही म्हणाली तसंच.

वहिनी : एक विचारू? नऊ वर्षं झाली या कामाला. उशीर झालेलं काम लाल होतं ना? हे कधी लाल झालेलं बघितलंत?

धाकटा : नाही. घरचं काम आहे, म्हणून तारीखच नसेल घातलेली.

वहिनी : तारीख आहे. कोणी बदलली ते तुमच्या पानावर दिसत नाही, ऑफिसच्या पानावर दिसतं. हे बघा. दर वर्षी, एकदा, एक वर्ष पुढे. नऊ वेळा. सगळीकडे यांचं नाव.

धाकटा : कशाला?

वहिनी : तेच मी काल विचारलं. जेवून बसले होते. म्हटलं, त्या तिसऱ्या पायरीचं बंद करू का? हे आपले सुपारी कातरत राहिले. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाले, ‘ते बंद केलं तर त्याला घरी यायला काय काम उरलं?’

धाकटा : असं म्हणाला?

वहिनी : अस्संच. आणि उठून हात धुवायला गेले. हात आधीच धुतले होते.

धाकटा : मग बोलवायचं होतं. एक ओळ लिहायची होती त्याखाली, ये म्हणून.

वहिनी : कुठल्या तोंडाने लिहिणार? तसला शब्द बोलून बसलेला माणूस. तुम्ही तरी लिहिलीत का एखादी?

धाकटा : लिहिली होती दोनदा. ‘येऊ का?’ एवढंच. पाठवायच्या आधी पुसली.

वहिनी : देवा रे. काय म्हणावं तुम्हाला.

धाकटा : ती फळी अजून तशीच आहे?

वहिनी : नुसती ठेवलेली, तुम्ही ठेवलीत तशी. दुसरा सुतार आणू देत नाहीत, स्वतः हात लावत नाहीत. आम्ही सगळे दुसरीवरून चौथीवर पाय टाकतो. पाहुणे आले की दारातच सांगावं लागतं. मुलांचं तर इतकं अंगवळणी पडलंय की शाळेतही तिसरी पायरी सोडून चढायची. बाई मला विचारायच्या, घरी असं काय शिकवता?

धाकटा : इतकी वर्षं उघडी राहिली म्हणजे फळी वाकली असणार. ती नाही चालायची. नवी कापावी लागेल.

वहिनी : ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच सांगा, नेऊ की बंद करू?

धाकटा : नेऊ नका. बंदही करू नका. शुक्रवारी आपोआप जाईल.

वहिनी : आणि पायरी?

धाकटा : खाली सागाचा एक तुकडा पडलाय, त्या मापाचा होईल. वहिनी, दादा रविवारी घरी असतो?

वहिनी : नऊ वर्षांत एक रविवार हे घराबाहेर पडलेले नाहीत, भाऊजी.