चिमणीचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या मालकीणबाई; व्यासपीठावर प्रथमच इस्त्रीच्या शर्टात दिसणारे छपाईवाले काका; आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या ताई; त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले भावोजी; आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माईक एकदा माझ्या हातात आला की लवकर सुटत नाही, हे तुम्ही जाणताच. आज मात्र तो धरवत नाहीये.

आपला धंदा काय? शुभेच्छाकार्डं ऑनलाइन विकायची. ताईंनी एक टेम्प्लेट करायचं, म्हणजे साचा. मग आपण रंग बदलायचा, फुलाच्या जागी फुगा लावायचा, आणि एका साच्यातून ढीगभर कार्डं दुकानात मांडायची. काका म्हणतात ना, "ताई बेततात, आपण नुसतं शिवत बसतो!"

नावाची जागा कोरी दिसली की गिऱ्हाईक पुढे सरकतं. म्हणून तिथे नमुन्याचं नाव घालायचं. ताईंचं नाव ठरलेलं, चिमणी. "चिमणी आज एक वर्षाची झाली!" गिऱ्हाईक ते पुसून आपल्या लेकराचं नाव लिहितं. काही धांदरट मंडळी तसंच मागवतात आणि वर आपल्यालाच बोल लावतात. हसू नका, ते फोन मी घेतो!

पण ही चिमणी कोण? ताईंनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि आज इथे बोलायची परवानगीही दिली आहे. ती त्यांची मुलगी. नाव ठेवायच्या आधीच गेली. "कागदावर तिचं नाव कुठेच नाही हो," ताई म्हणाल्या, "इथे तरी राहू दे." त्यानंतर त्या जागेला हात लावायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी मूळ साच्यात आकडा दिसला, दोन. मग तीन. असा तो वाढतच गेला. मला वाटलं, आईचं मन आहे, बदलत असतील. आपण कशाला विचारायचं? मग गेल्या महिन्यात चहा पिताना ताईच म्हणाल्या, "तुम्ही दर वर्षी न विसरता तिचा आकडा बदलता. हे उपकार कसे फेडू?"

माझा कप तसाच हातात राहिला. म्हटलं, "मी? अहो ताई, मला वाटलं तुम्हीच!"

मंडळी, मूळ साचे आम्ही दोघंच उघडतो. तिसऱ्या कुणाकडे पासवर्डच नाही.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? ताई नाही घाबरल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ती इथेच आहे. मग तिला एकटीला टाकून मी जाऊ कशी?" निवृत्ती पुढे ढकला म्हणून सांगायला त्या मालकीणबाईंच्या केबिनबाहेर जाऊन उभ्याही राहिल्या. भावोजींनी समजूत घालून परत नेलं. कालपर्यंत त्यांचं एकच पालुपद होतं, "माझा पाय निघत नाही."

आज सकाळी ताईंचं कार्ड करायला मी निरोपाचा साचा उघडला. त्यात वर असतं "प्रिय चिमणी" आणि खाली पाठवणाऱ्याची जागा कोरी. आज वर होतं, "प्रिय आई". मध्ये एकच ओळ, "आता घरी जाऊ या." आणि खाली, चिमणी.

मी वाढदिवसाचे साचे उघडले. एकेक करत सगळे उघडले. नाव नाही, आकडा नाही. नुसत्या कोऱ्या जागा.

मी एक अक्षर बदललेलं नाही. काकांनी जसंच्या तसं छापलंय. ताई, हे घ्या. सावकाश वाचा, आम्ही थांबतो.

अध्यक्षांचे, काकांचे आणि खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कमी-जास्त निघालं असेल तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला.

आणि ताई, तुम्हाला घरी सोडायला गाडी दारात उभी आहे. भावोजी, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसा. मागे त्या दोघींना बसू दे.