आनंदानं वाट बघणं

तुम्हीच सांगा रे, मी हा क्लास चालवू की बंद करू? इंदिरानगरला संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, सातपूरच्या कंपन्यांतले कामगार येतात. परवा 'लुक फॉरवर्ड टू' घेतलं. म्हटलं, याचा अर्थ आनंदानं वाट बघणं, आता प्रत्येकानं एक वाक्य सांगा. फटाफट आली वाक्यं. कुणी पर्मनंट नोकरीची वाट बघतोय, कुणी दिवाळीची, कुणी पोरीच्या लग्नाची. लेथवर काम करणारे सलीमभाई मात्र गप्प.

"अहो सलीमभाई, तुम्हीही कशाची तरी वाट बघत असालच की!"

बराच विचार करून ते म्हणाले, "सर, खोटं वाक्य चालेल का?"

तेवढ्यात तो पर्मनंट नोकरीवाला दचकून म्हणाला, "म्हणजे? खरं सांगायचं होतं?"