श्यामसुंदररावांनी लायसन्स पाहिलं नव्हतं

...नाही, पण मला सांगा, ज्या पोराला तुम्ही तो चड्डीत असल्यापासून जिन्यात बघताय, ज्याच्या दहावीचे पेढे खाल्लेत, ज्याची आई अजून दर संक्रांतीला तुमच्या घरी गूळपोळी पाठवते, तो पोरगा रविवारी सकाळी दारात येऊन ‘काका, दुपारपर्यंत गाडी मिळेल का?’ म्हणाला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? ‘ये, बस, आधी लायसन्स दाखव’ असं म्हणाल? अहो, पुण्यातसुद्धा असं कोणी म्हणत नाही, आणि पुण्यात दारात आलेल्या माणसाला आम्ही काय काय म्हणतो ते मी वेगळं सांगायला नको.

आणि श्यामसुंदरराव तर मुळीच म्हणणाऱ्यातले नाहीत. आमचे शेजारी हो, कर्वेनगरला, समोरचं दार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तिथेसुद्धा तीस वर्षांत हा माणूस कोणाला ‘नाही’ म्हणाला नसावा, कारण निवृत्तीच्या समारंभाला चार खात्यांचे लोक रडत होते. सोसायटीत शिडी पाहिजे, श्यामसुंदरराव. पाहुण्यांना गादी पाहिजे, श्यामसुंदरराव. निशावहिनी, म्हणजे त्यांची मंडळी, म्हणायच्या, ‘आमच्याकडे वस्तू राहत नाहीत, येऊन-जाऊन असतात.’ तर तशी गाडी गेली. पांढरी, छोटी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, आठवड्यातून दोनदा पुसलेली.

शौनकचं कारणही चांगलं होतं. खालच्या मजल्यावरचा हा शौनक, हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये, लग्न ठरलेलं, होणारे सासू-सासरे अमरावतीहून आलेले, त्यांना लोणी काळभोरला एक मंगल कार्यालय दाखवायचं होतं. आता सासऱ्याला स्कूटरवर मागे बसवून न्यायचं का? श्यामसुंदररावांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली, वर सांगितलं, ‘क्लच जरा वर धरतो, सांभाळ,’ आणि आत जाऊन पोहे खायला बसले. एवढंच. यापलीकडे त्या माणसाने काही केलं नाही. पण हे ‘एवढंच’ तुम्हाला सांगतो, ते पोह्यांच्या बशीसकट त्यांच्या मानगुटीवर बसलं.

पोहे संपायच्या आत नाही, पण जेवणाच्या आत फोन आला. सोलापूर रस्त्यावर कार्यालयाकडे उजवीकडे वळताना शौनकने समोरून येणारी मोटारसायकल पाहिलीच नाही. मोटारसायकलवर दशरथ नावाचा माणूस, लोणीचाच, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा, सरळ आपल्या रस्त्याने घरी चाललेला. पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीतल्यांना खरचटलंही नाही.

श्यामसुंदरराव रिक्षा करून तिकडे पोलीस चौकीत पोचले. हवालदार शांत. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण शांत.

‘गाडी कोणाची?’

‘माझी.’

‘ह्यांना दिली कोणी?’

‘मी दिली. पण लायसन्स आहे त्याच्याकडे, दहा वर्षं तो...’

हवालदाराने शौनकचं कार्ड टेबलावर उलटं करून सरकवलं. ‘हे दुचाकीचं आहे, काका. चारचाकीचं नाही. तुम्ही पाहिलं होतं का?’

आणि तो पोरगा भिंतीला टेकून म्हणतोय, ‘काका, क्लास केला होता मी, प्रॉपर. टेस्टच्या दोन्ही तारखांना ऑफिसात रिलीज आलं, सो राहून गेलं... पण गाडी येते मला.’

गाडी येते मला. दशरथच्या पायावर आली, ते वेगळं.

तर ते पहिलं ‘पाहिलं होतं का’. लायसन्स नसताना चालवली म्हणून शौनकवर कलम, आणि लायसन्स नसलेल्याला चालवायला दिली म्हणून श्यामसुंदररावांवर वेगळं कलम. आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेला माणूस हो हा. दंड भरला, खाली मान घालून सही केली, घरी आले. वाटलं, झालं. मग विमा कंपनीचा माणूस आला, खाली वाकून चेपलेला पुढचा भाग बघितला, फुटलेल्या दिव्याचे फोटो काढले, चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि बिस्किट चहात बुडवत विचारलं, ‘लायसन्स तुम्ही पाहिलं होतं का?’ नाही म्हटल्यावर बिस्किट चहातच पडलं, आणि गाडीच्या दुरुस्तीचा दावाही. एक दमडी मिळणार नाही म्हणाला. अटच आहे म्हणे, चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं लायसन्स पाहिजे. मग मेहुण्याचा फोन, ‘भाऊजी, पाहिलं नव्हतंत का?’ मग सोसायटीचे चेअरमन लिफ्टमध्ये, तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तेवढंच वाक्य. दूधवाल्याला कोणी सांगितलं देव जाणे, पण त्यानेही पिशवी देता देता हळूच विचारलं.

पण तुम्हाला सांगतो, या सगळ्यांचं एक वेळ ठीक. ज्या एका बाईने तो प्रश्न विचारला नाही, तिनेच खरं पछाडलं त्यांना.

श्यामसुंदरराव इस्पितळात गेले. निशावहिनी म्हणाल्या, ‘जाऊ नका, मारतील.’ गेले. दशरथ पलंगावर, पाय वर टांगलेला, शेजारी त्याची आई गोदाबाई खुर्चीत. मारलं वगैरे काही नाही. बाईंनी खुर्ची रिकामी करून दिली आणि विचारलं, ‘गाडी तुमची व्हय?’

‘हो.’

‘मग तुमी कुठं हुता?’

श्यामसुंदररावांना खोटं सुचेना. म्हणाले, ‘मी घरी होतो. पोहे खात होतो.’

गोदाबाईंनी पोराच्या टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘ह्यो बी घरलाच येत हुता. जेवायला.’ एवढंच बोलल्या, राग नाही, काही नाही, आणि पोराच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्या दिवसापासून श्यामसुंदररावांच्या घरात पोहे बंद. आणि गाडी परत आली ना, ती तशीच उभी पार्किंगमध्ये, डावा दिवा फुटलेला, उजवा चांगला, म्हणजे एका डोळ्याने बघतेय असं वाटायचं. मला नाही, त्यांना वाटायचं. ते पुढच्या फाटकातून जायचे बंद झाले. मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून बाहेर. मी एकदा म्हटलं, ‘अहो, कापड घालून टाका तिच्यावर.’ घातलं. तर म्हणतात, ‘आता कापडाखालून बघते.’

आणि मग नवीनच सुरू झालं. रिक्षात बसले की ‘लायसन्स बघू’. रिक्षावाले पुण्याचे, ते काय बोलले असतील त्याची कल्पना करा. भाचीच्या लग्नात नवरदेव ज्या सजवलेल्या गाडीतून आला तिच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन, ‘बाळा, एक मिनिट, दाखवतोस का?’ बसमध्ये चढताना ड्रायव्हरकडे अशा नजरेने बघायचे, की तो आपण होऊन म्हणाला, ‘आहे, आजोबा. बसा.’ निशावहिनी सांगत होत्या, झोपेत बोट उचलून कागद उलटा करतात. कार्ड, हवालदाराने सरकवलं तसं.

इस्पितळात मात्र जात राहिले. नंतर लोणीला, घरी. दशरथ काठी घेऊन उभा राहायला लागला, पण विहिरीत उतरणं संपलं. मोटारीचं काम काठावर बसून होत नाही हो, खाली उतरावं लागतं, लोखंडी पायऱ्यांनी. आता तो दुकानात बसून वायरी गुंडाळतो. त्याने भरपाईचा दावा लावला, लावायलाच पाहिजे होता, श्यामसुंदररावच म्हणाले त्याला, ‘लाव. माझ्यावर लाव.’ असा प्रतिवादी बघितलाय तुम्ही?

मग शनिवार पेठेतले वकील गाठले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाचा तोबरा गालात सरकवत म्हणाले, ‘हे बघा, दशरथला पैसे मिळणार. कंपनीला आधी द्यायला लावतील. प्रश्न एवढाच, की कंपनी नंतर ते तुमच्याकडून वसूल करणार की नाही. तुम्ही मालक म्हणून काळजी घेतली होती हे दिसलं, तर सुटाल. म्हणून तुम्ही लायसन्स पाहिलं होतं.’

‘नव्हतं पाहिलं.’

‘त्याने मोबाइलवर फोटो दाखवला, तुमच्याकडे चष्मा नव्हता, तुम्हाला ते चारचाकीचं वाटलं.’

‘पण तसं झालं नाही.’

‘काय झालं ते मी विचारलंच नाही,’ वकील म्हणाले. ‘काय म्हणायचं ते सांगतोय.’

आता बघा, यात कोणाचं नुकसान होतं? दशरथचे पैसे दशरथला मिळणारच होते. बुडाली असती ती कंपनी, आणि कंपनीला काही गोदाबाई नाहीत. निशावहिनींनी हेच समजावलं. मीही समजावलं. शौनक तर वर येऊन रडला, ‘काका, मी पण तेच म्हणतो, मी दाखवलं होतं म्हणून, प्लीज.’ तेव्हा घरात तालीम सुरू झाली. वहिनी भाजी चिरता चिरता कंपनीच्या वकील व्हायच्या.

‘तुम्ही लायसन्स पाहिलं होतं का?’

‘हो, पाहिलं होतं.’

‘खाली बघू नका. भाजीकडे नका बघू, माझ्याकडे बघा. पाहिलं होतं का?’

‘हो.’

चांगलं जमायला लागलं हो. समोरच्या दारातून ऐकू यायचं मला. आठवड्याभरात इतका खणखणीत ‘हो’ यायला लागला, की मलाच वाटलं, पाहिलं असेल बुवा.

तारखेला मी बरोबर होतो. शिवाजीनगरला कोर्टात बाकावर दशरथ काठी धरून बसलेला, शेजारी गोदाबाई. आम्हाला बघून बाई सरकल्या, ‘या, बसा हितं,’ म्हणाल्या. ज्यांच्याविरुद्ध दावा, त्यांना जागा. श्यामसुंदरराव त्यांच्या शेजारी बसले. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. प्यायले.

मग पुकारा झाला. कंपनीची वकील एक तरुण मुलगी, निशावहिनींपेक्षा खूपच मऊ आवाजाची.

‘गाडी तुमच्या परवानगीने नेली?’

‘हो.’

‘किल्ली तुम्ही स्वतः दिलीत?’

‘हो.’

‘देताना तुम्ही लायसन्स पाहिलं होतं का?’

दोन ‘हो’ गेले होते, तिसरा आपोआप यायला हवा होता, घरंगळत. श्यामसुंदररावांनी वकिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. बाकाकडे पाहिलं. आणि म्हणाले, ‘नाही. पाहिलं नाही. विचारलंसुद्धा नाही.’

आमच्या वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘अहो, काय केलंत हे?’ तर कट्ट्यावर बसून म्हणतात, ‘मला हो म्हणायचं होतं. तोंडात होतं. पण त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं होतं, आता त्यांच्यासमोर दुसरंच कसं सांगू? त्या काय म्हणतील, हा पोहे तरी खात होता की नाही?’ आणि परतताना बसमध्ये त्यांना झोप लागली. खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं, ड्रायव्हरकडे एकदाही न बघता. कर्वेनगरला उतरायचं होतं, मी उठवलं नाही. वारज्यापर्यंत गेलो आम्ही.

निकाल वकील म्हणाले तसाच लागला. कंपनीने दशरथला पैसे दिले, आणि ते श्यामसुंदरराव आणि शौनक यांच्याकडून वसूल करायला निघाली. ठेवी मोडल्या. गाडी विकली, एका डोळ्याची, भंगाराच्या भावात. शौनकचं लग्न झालं, कार्यालयात नाही, घरच्या घरी, आणि दर महिन्याला पगार झाला की तो वर येऊन आपला वाटा देऊन जातो, मान खाली घालून. श्यामसुंदरराव त्याला चहा पाजतात. चिडावं की नाही एखाद्याने? नाही.

म्हटलं, आता तरी सुटलात ना? तर म्हणतात, ‘आता कोणी विचारत नाही हो. तेच वाईट आहे.’ मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, ‘लोक विचारायचे तोवर तो त्यांचा प्रश्न होता. आता माझा झालाय. पाहिलं असतं, तर तो माणूस त्या दिवशी घरी जाऊन जेवला असता.’ मी वर्तमानपत्र उघडलं. कालचं होतं. तरी वाचलं.

आणि परवाची गोष्ट. संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो, तर वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू दारात. अगदी नम्र माणूस. ‘काका, तुमची पार्किंगची जागा रिकामीच आहे, माझ्या मेहुण्याची गाडी आठवडाभर लावू का?’

निशावहिनी आत पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. मी श्यामसुंदररावांकडे बघतोय, डोळ्यांनी सांगतोय, एकदा, आयुष्यात फक्त एकदा, तो शब्द म्हणा. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

‘लावा की,’ म्हणाले. ‘खांबाला जरा जपून.’

आत लाटणं पुन्हा सुरू झालं. जरा जोरात, एवढंच.