मेजर चावत न्हाय

घेऊ नका, पावणं. तुमी एका वाक्यात विचारलासा, मी एका शब्दात सांगितलं. गाडी धुऊन हुईस्तवर बसा त्या खुर्चीवर, हिकडं पाणी उडतंय. — तसं कुत्रं देखणं हाय, त्यात काय शंका न्हाय, जर्मन शेफर्ड हाय, छाती भरल्याली, कान उभं — उदयसिंहाच्या फार्मवर बघूनच आलासा न्हवं, मग मी काय वर्णन करू. पण तुमचा आजऱ्याला काजूचा कारखाना, तुमास्नी राखण पायजे, कोण भिंतीवरनं आत उतरला तर धरून ठेवणारं जनावर पायजे — मग मेजर नगंच. मेजर चावत न्हाय. उदयसिंह ते सांगायचा न्हाय. त्यो सांगंल, पोलिसांच्या कुत्र्यागत तयार केलाय. केलाच हुता की. मी हुतो की तिथं.

काय म्हणून? चोर म्हणून. हसू नका, तेच काम हुतं माझं. कुत्र्याला धरायला शिकवायचं तर समोर जिता माणूस लागतोय — हाताला तागाची ही एवढी जाड बाही चढवायची, चाबूक वाजवायचा, कुत्र्याला चिडवायचं आणि पळत सुटायचं. कुत्रं येऊन बाहीला लटकतंय. मग उदयसिंह लांबनं वरडणार, 'सोड'. सोडलं न्हाय की हातातल्या रिमोटचं बटण दाबायचं — गळ्यातल्या पट्ट्यातनं करंट. लवकर सोडलं तरी करंट, का सोडलंस म्हणून. आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, म्हंजे चांगलं चिडतंय. मी एकदा म्हटलं, "दादा, त्याला कळंना झालंय तुमाला नेमकं काय पायजे ते." तर म्हणला, "ए संघर्ष, त्याला कळायची गरज न्हाय. त्यानं भ्यायचं." मी परत बाही चढवली. काम पायजे हुतं.

हात? बघितलासा म्हंजे. ह्या दोन बोटांची मूठ वळत न्हाय आता. मेजरनं केलं — न्हाय, चुकलं, मेजरनं न्हाय, उदयसिंहानं. पुण्याकडनं गिऱ्हाईकं आलती कुत्री बघायला. काम झालतं, मी बाही काढून नळावर पाणी पीत हुतो, आणि त्यानं मेजरला माझ्यावर सोडलं. मुद्दाम. बाही नसताना धरतंय का ते दावायला. धरलं की, पार हाडापतोर. आणि मी खाली चिखलात पडलोय, तर 'सोड' म्हणायच्या आधी ह्यो त्यास्नी सांगतोय, "बघा, वासानं वळखतंय कुणाला धरायचं ते." सगळी हसली. तुमास्नी कळला न्हवं त्यातला अर्थ? आमची घरं गावाच्या कुठल्या अंगाला हाईत, आमच्या भिंतीवर कुणाचा फोटो हाय, समदं त्याला म्हाईत. त्या गिऱ्हाईकांस्नी कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं, म्हणून तर हसली. दवाखान्यात त्यानंच नेलं. वाटंत म्हणला, सीटवर रगत सांडू नको. टाकं निघालं, पावणं. ते हसणं अजून कानात हाय.

आणि हात बरा झाल्यावर मी परत त्याच्याकडंच कामाला गेलो. आई म्हणली, "संघर्ष, लाज कशी न्हाय रं तुला?" लाज वाटली म्हणूनच गेलतो.

आता हे कुणाला बोललो न्हाय मी, तुमी आजऱ्याचं, तुमचा हिकडं कुणाशी संबंध न्हाय म्हणून सांगतोय. उदयसिंहाला मेजरला कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरवायचं हुतं. तिथं कसं असतंय, चोर झालेला माणूस स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचा असतोय, आणि त्याच्या हातात निळी बाही असती. आमची फार्मवरची तांबडी. मी एक निळी बाही पैदा केली. सकाळी उदयसिंह उठायच्या आत कुत्र्यांच्या खोल्या झाडायला मी एकटाच असायचो — निळी बाही चढवायची आणि मेजरपुढं जाऊन उभं ऱ्हायचं. पहिल्यांदा अंगावर आला. मी पळालो न्हाय, वरडलो न्हाय, झाडागत हुबा. दमला, बुड टेकलं, की उकडलेलं अंडं तोंडात. परत बसला, परत अंडं. झालं एवढंच. एक फटका न्हाय, एक शिवी न्हाय. आणि तुमास्नी सांगतो, उदयसिंहाला बटण दाबून दाबून जे वरीसभर जमलं न्हाय, ते मला पावसाळा संपायच्या आत जमलं. तांबडी दिसली की तुटून पडायचा, निळी दिसली की बसायचा — असा माझ्या तोंडाकडं बघत, शेपटीनं भुई झाडत. ते बघून मला कधीकधी... ऱ्हाऊ दे ते.

स्पर्धा कोल्हापुरातच हुती. मांडव, माईक, उदयसिंह फेटा बांधून, त्याचं सासरं पुढच्या खुर्चीत, त्याची बायको राजनंदिनी वहिनी मोबाईलवर शूटिंग घेत हुत्या. चोर पळाला, मेजर सुटला — काय सुटला म्हणून सांगू, सगळं मैदान उठून हुबं ऱ्हायलं — आणि चोरानं निळी बाही पुढं केली, तसा त्यो बसला. शेपटी हलवत. चोरानं बाही हालवली, वरडला, तर ह्यो जरा आनखी जवळ सरकून बसला. माईकवाला म्हणला, "कुत्रं पाया पडाय आलंय वाटतं." मग मांडव हसला, पावणं. उदयसिंहाचं सासरं बी हसलं. तसलंच हसू, अगदी तसलंच. मी गर्दीत हुतो, माझ्या डोळ्यातनं पाणी आलं हसून. ह्या हाताचं दुखणं त्या दिवशी मला जाणवलं न्हाय.

मग त्यानं मेजरला गाडीमागं नेलं. पट्टा चढवला आणि बटण दाबलं — दाबलं म्हंजे बोट उचललंच न्हाय. मी गाडीच्या कडंला हुबा. मेजर वरडत हुता, आणि बसत हुता. त्याला वाटलं आपलं बसणं चुकलं, म्हणून आनखी ताठ बसायचा. पडायचा, उठायचा, परत बसायचा. मधी एकदा त्यानं मला बघितलं, आणि माझ्याकडं तोंड करून बसला.

न्हाय. न्हाय बोललो. काय बोलणार हुतो? मी शिकवलंय म्हणून सांगू? हसं परत माझंच झालं असतं. — तुमी तिथं नव्हता, पावणं. असं बघू नका.

म्हणून सांगतोय, घेऊ नका. त्या दिवसापासनं जिल्ह्यात कोण त्याचं कुत्रं घेईना झालंय, म्हणून तुमच्यासारखं लांबचं गिऱ्हाईक धरलंय. तुमी बी न्हाय म्हणून सांगितलासा की माझ्या जिवाला गार वाटंल. ऱ्हाऊ दे ते कुत्रं त्याच्या दारात, रोज बघू दे त्याला.

कुत्र्याचं काय हुईल? मला काय म्हाईत. — म्हाईत हाय. आधी एक डॉबरमन असंच हरलं हुतं. त्याला गाडीत घालून घाटात सोडून आला. पट्टा तेवढा काढून घेतला. नंतर कोण म्हणलं, रस्त्याकडंला बसून हुतं, येणारी प्रत्येक गाडी बघत. मेजरला बी तसंच.

फोन कुणाला लावताय? त्यालाच? न्हाय म्हणून सांगायला? — ठेवा. जरा ठेवा तो फोन. मीच सांगितलं व्हय, मीच सांगितलं. ठेवा.

घ्या त्याला. राखण करंल की, भुंकायचं काय मी काढून घेतलं न्हाय, आवाज असा हाय की भिंतीवरचा माणूस भिंतीवरच ऱ्हाईल. फकस्त पट्टा घेऊ नका. त्यो देऊ लागला तर त्याच्या हातात परत ठेवा. आणि माझं एक काम करा. गपगुमान व्यवहार उरकू नका. त्याची माणसं अंगणात असतील, सासरं असतील तर लईच चांगलं — तिथं मोठ्यानं म्हणा, 'तुमचं कुत्रं चावत न्हाय, म्हणूनच घेतोय.' सगळ्यांस्नी ऐकू जाऊ दे. कुणी हसलं तर हसू दे.

न्हाय, हिकडं आणू नका. भेट बीट काय नगं. जाताना हायवेनं येऊच नका, गारगोटीवरनं जावा. लांब पडतंय, पडू दे. ह्या दारासमोरनं गाडी गेली आणि त्यानं मला बघितलं, तर काचंवर उड्या मारंल त्यो, येड्यागत. नगं मला ते. — नगं म्हटलं की. उठा आता.