न धुतलेला पंप

हॅलो? … हां मैना, बोल गो. … नाय, कामात कसली, बांगडे कापतेय. खांद्यानं धरलाय फोन. …

काय झालं? … कुठला मोहोर? घरामागच्या कलमांचा? … सगळा? …

हो… हो, ऐकतेय. करपला. पानंपण वळली. … महिपतभावोजींनी आताच फवारणी केली होती ना… 

अगो, थांब जरा. मामंजींना धाप लागलीय, त्यांना पंप देते. … हां मामंजी, घ्या, ओढा. हळू. … हां, बोल.

औषधच बनावट? … असं कोण म्हणतं? … भावोजी? … नाय गो, मी काय म्हणणार. मला काय कळतंय औषधातलं…

आमच्या कलमांवर? … नाय, अजून नाय मारलं. … म्हणून फोन केलास? ते औषध आणू नको, हे सांगायला? …

काय नाय गो. ऐकतेय.

भावोजी कुठायत आता? … रत्नागिरीला निघालेत? दुकानदाराला जाब विचारायला? … वाडीतले सगळे सोबत? … मैना, त्यांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता. … अगो ऐक ना. ऐक. दुकानदाराची काय चूक नाय.

तुमचा फवारणीचा पंप मी नेला होता ना? … हां, बांधावरच्या गवताला. त्यात तणनाशक घातलं होतं. … धुणार होते गो. लाइट नव्हती, विहिरीचा पंप बंद, घरात पिण्यापुरतं पाणी. तेवढ्यात तू मागितलास, तसाच दिला. … विसरले नव्हते. तेच तर सांगतेय. चांगलं आठवत होतं. सांगायची लाज वाटली. …



शिव्या घाल गो. हव्या तेवढ्या घाल. …

काय? … भावोजींनी विचारलं होतं, धुतलाय का म्हणून? … मग तू काय सांगितलंस? …

‘हिराकडून आलाय, बघायला नको’… असं म्हणालीस?

…

रडू नको गो. तुझी कसली चूक. … आधी त्यांना फोन लाव. … नाक्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबलेत? बरं झालं. तिथंच थांबव. …

माझं नाव सांगणार नाय म्हणतेस? … का? … नाय मैना. माझ्या भरवशावर एकदा बोललीस, तेवढं पुरे झालं.

ठेव आता. मीच जाते नाक्यावर.