तळ्याची गोडी माती

पनवेलच्या दवाखान्यात सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात पितळी डब्याचं झाकण खणकन फरशीवर पडलं. डबा समोरच्या म्हातारीच्या मांडीवर होता. शेजारी तिची लेक, डोक्यावर पदर घट्ट आवळून.

“आये, दवाखान्यात माती कशाला आनलीस?”

“डाक्टरला इचारते. मुदतीच्या तापानं गेलेले केस हिच्यानं येतील का?”

“खाडीची नाय ना? मागं मीठ लागून डोसकं सोललं माजं.”

“नाय गो कमले, गोडी हाय, तळ्याची. हिच्यानंच न्हाऊन मोठी झालीस तू.”

“तवा केस होते, आये.”

“येतील. शिमग्याला अंबाडा बांधशील, बघ.”

“सासूबाय बोलल्या, केस आल्यावरच ये.”

“म्हातारीचं काय मनावर घेतेस! जावई तसा नाय.”

“निरोप त्यांनीच आनला. तू तवा तळ्यावर गेलतीस, मातीला.”

म्हातारी डब्यातली माती बोटानं चाचपू लागली.

“आये?”

“झाकन दे इकडं. माती सुकंल.”

माझ्या मांडीवरची सुमन इतका वेळ त्या पदराकडे बघत होती. ती माझ्या कानाशी आली.

“आई, केस आले की मावशीला परत तिथेच जावं लागेल?”