पहिल्या फेरीचे अकरा कागद

मंडळी, एक सांगा — चाळीस जाणती माणसं एका सुरात बोलली, म्हणजे ती गोष्ट खरीच का? माना डोलवू नका हो, आधी ऐका!

मुंबईला सरकारची एक कचेरी. काम काय? पंचवीस वर्षांनी कोणतं तंत्रज्ञान लागेल, ते आजच ओळखायचं! हसता काय? पोपट घेऊन नाही बसत तिथं! तिथली अधिकारी वृंदा केळशीकर. तिनं चाळीस शास्त्रज्ञांना विचारलं — किनाऱ्याच्या गावांना प्यायचं पाणी कुठून द्यायचं? कागदावर नाव घालायचं नाही. का? मोठ्याच्या भिडेनं धाकटा गप्प बसू नये! मग सगळ्यांना कळवायचं, बहुतेकांचं मत अमुक आहे, आता पुन्हा लिहा. असं तीनदा!

तिसऱ्या फेरीत एकोणचाळीस म्हणाले — समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना, खाडीच्या तोंडाशी! एकच जण अडून बसला — "उरलेलं जहाल खारं पाणी खाडीत सोडाल, तर मासळी राहील का?"

वृंदेचे साहेब डॉक्टर आठल्ये म्हणाले, "वृंदाबाई, तो एक कागद बाजूला ठेवा. 'एकमत' लिहा नि सही करा. दुपारी मंत्र्यांकडे जायचंय."

वृंदेचा हात थबकला. सही झाली की खाडीवर काम सुरू! आणि मासळी गेली, तर कोळ्यांनी खायचं काय? तिनं पहिल्या फेरीचे कागद काढले. बघते तर काय — हीच शंका अकरा जणांची! त्या शंकेला उत्तर कुणी दिलं होतं? छे! "बहुतेकांचं मत" वाचलं नि दहा जणांनी मुकाट 'मम' म्हटलं! अहो, पंगतीत आमटी बिघडली तर पहिला कोण बोलतो? सगळे आपले, "वा, झकास!"

तिनं ते कागद साहेबांपुढं ठेवले. "सर, हे एकमत नाही, ही भीड आहे. मी सही करणार नाही."

साहेब भडकले! रागारागानं कागद चाळू लागले... एका कागदाशी थांबले. मग हळूच म्हणाले, "हा मीच लिहिलेला."

होय मंडळी! चाळिसांत साहेबही होते!

अहवालातून 'एकमत' गेलं, शंका पहिल्या पानावर आली. आधी खाडीची तपासणी, मग कारखान्याचं बघू, असं ठरलं.

वृंदेपाशी कागद तरी होते हो! आपण मनातल्या मनात गिळलेली शंका कुठल्या कपाटात सापडायची? परवा तुमची ग्रामसभा आहे. हात वर करण्याआधी तोंड उघडा — मग खुशाल टाळी वाजवा, देवाच्या नावानं!